जुन्या जीपचा नाद आणि त्यातले वाद

अमेरिकेत शेतावरची जुनी फोर्ड किंवा शेव्हरोले पिकअप विकत घ्यायची आणि सुटीच्या दिवशी तिच्याशी खटपट करत बसायचे, हा छंद बराच जुना आहे. आपल्याकडे ही जागा पिकअपला मिळाली नाही, जीपला मिळाली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर असो की टाटांची १९८८ साली आलेली टाटामोबाइल, आपल्याकडची पिकअप पोटापाण्यासाठी राबली. पिवळी पाटी, फिटनेसच्या खेपा, कुवतीबाहेरचा माल, आणि हौदा गंजून गळायला लागला की भंगारवाला, असा तिचा क्रम. जीपही कष्टाचीच गाडी होती, पण तिला मान होता. तहसीलदाराची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप, निवडणुकीत कर्णा बांधून धूळ उडवत येणारी जीप, आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीची, जीप. गावात जीप आली की कोण आले ते पाहायला माणसे ओट्यावर येत.

त्यातल्या बऱ्याच जीपा भंगारात गेल्या. उरलेल्यांपैकी काही आज हौशी लोकांच्या अंगणात उभ्या आहेत. मालकांमध्ये डॉक्टर आहेत, बागायतदार आहेत, संगणक कंपन्यांतले नोकरदार आहेत, निवृत्त फौजी आहेत. गाडी हाती आल्यावर तिचे काय करायचे, याबद्दल मात्र त्यांच्यात एकमत नाही. होती तशी जपायची, कारखान्यातून निघाली तशी पुन्हा करायची, की आजच्या रस्त्याला साजेल अशी बदलायची? त्यातच कायद्याने गेल्या काही वर्षांत या छंदाभोवती नवी कुंपणे घातली आहेत. हा वाद आज कुठे उभा आहे, त्याचा हा आढावा.

गाडीचे कूळ

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. नकाशा मूळचा एकच असल्याने दोन्ही गाड्या दिसायला जवळजवळ सारख्या. फोर्डने मात्र आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटवले. आजही एखादा जाणकार गुडघ्यावर बसून ग्रीसने माखलेला बोल्ट पुसताना दिसला तर तो ते अक्षर शोधत आहे असे समजावे. युद्ध संपल्यावर लष्करी डिस्पोजलच्या मालातून या जीपा नागरी हातांत आल्या.

१९४७ साली मुंबईत माझगावला विलिसच्या जीपांची सुट्या भागांतून जुळणी सुरू झाली. ही जुळणी करणाऱ्या कंपनीचे मूळ नाव महिंद्र अँड महंमद. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. जुळणीतून पुढे देशी उत्पादन उभे राहिले, आणि त्यातून जी गाडी भारतभर पसरली ती सीजे-३बी.

या गाडीचे उंच बॉनेट ही तिची ओळख. युद्धकाळातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. सीजे-३बीच्या ‘हरिकेन’ इंजिनात आत ओढणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. घनक्षमता तीच राहिली, सुमारे २,२०० सीसी, ताकद वाढली. इंजिनाची उंचीही वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून बॉनेट उचलावे लागले. हौशी मंडळी आज जे ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ असे दोन पंथ मानतात, त्यांचा उगम या व्हॉल्व्हच्या जागेत आहे. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ एवढेच चालले. आपल्याकडे त्याचा वंश नंतरही कितीतरी वर्षे वाढत राहिला.

वंश वाढला म्हणजे बदललाही. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि रोज चालणाऱ्या जीपला ते परवडेना. कंपनीने डिझेल जीपा काढल्या. आधी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर घराण्यातले इंजिन, नंतर प्यूजोचे. १९८०च्या दशकातली एमएम ५४० ही या वाटेवरची सर्वांत लाडकी गाडी. ज्यांच्याकडे पेट्रोलच्या जीपा होत्या त्यांनी त्या गावच्या मिस्त्रीकडे नेऊन त्यांतच डिझेल इंजिने बसवून घेतली. हा तपशील पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

लष्कराच्या बाजूने आणखी एक गाडी छंदात आली, ती जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा. निसानच्या नकाशावर बांधलेली, सहा सिलिंडरची, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन असलेली ही दणकट गाडी १९९९पर्यंत बनत होती. तिचे चाहते वेगळे आणि कट्टर. तिची पेट्रोलची भूक हा त्यांच्यातला कायमचा विनोद आहे.

हाताला सापडणारे यंत्र

जीपच का, याचे उत्तर तिच्या बांधणीत आहे. खाली शिडीसारखी सरळ चॅसी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, चारही बाजूंना पाटे, पुढे-मागे जाड एक्सल. बॉनेट उघडले की इंजिनाभोवती हात घालायला जागा असते. संगणक नाही, सेन्सर नाही. पान्यांचा एक संच, जॅक आणि धीर असलेला माणूस किंगपिन, व्हील सिलिंडर, क्लचची जोडणी ही कामे स्वतः शिकू शकतो. हेड उतरवणे, बोअर करून स्लीव्ह बसवणे ही कामे मात्र लेथवाल्याकडेच जातात, आणि तेच बरे.

दुसरे कारण सुट्या भागांचे. एकच नकाशा इतकी वर्षे चालल्यामुळे वेगवेगळ्या सालांच्या गाड्यांचे अनेक भाग एकमेकींना बसतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीच्या मायापुरीत अजून माल निघतो. भारतात नव्याने बनणारे जीपचे पत्रे आणि भाग परदेशी हौशींपर्यंतही जातात. त्यांच्या दर्जाबद्दल तक्रारी आहेत. मुख्य तक्रार पत्र्याच्या जाडीची: नवा पत्रा ठोकला की ‘डबडा’ वाजतो, जुना वाजत नाही, असे डेंटिंगवाले सांगतात.

गाड्या मिळण्याच्या वाटा मात्र अरुंद होत आहेत. पूर्वी सरकारी खात्यांच्या लिलावातून जीपा निघत. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. ती मोडीत काढणाऱ्या मान्यताप्राप्त केंद्राकडे द्यावी लागतात. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना सूट आहे. पंचायत समितीच्या आवारात लिंबाखाली उभी राहिलेली जीप बोली लावून घ्यायची, हा मार्ग त्यामुळे बंद झाल्यातच जमा आहे. आता व्यवहार होतात ते खासगी मालकांमध्ये, आणि किमती त्याप्रमाणे चढल्या आहेत.

जपणाऱ्यांचे म्हणणे

पहिला पक्ष जतनवाद्यांचा. जुनी गाडी हा एक दस्तऐवज आहे, असे ते मानतात. वेल्डिंगची पद्धत, रंगाचा थर, डॅशबोर्डवरची पितळी पाटी, यांतून त्या काळच्या कारखान्याची माहिती मिळते. ती एकदा घासून टाकली की परत येत नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिवा, १९६६ साली स्थापन झाला. त्याने २०१२ साली मंजूर केलेली ट्यूरिन सनद हा या पक्षाचा आधारग्रंथ. पुरातन वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये झालेल्या सनदेच्या धर्तीवर ती बेतली आहे. जतन, जीर्णोद्धार आणि पुनर्निर्मिती या तीन गोष्टी ती वेगळ्या करते. आवश्यक तेवढेच करावे, केलेले नोंदवून ठेवावे आणि शक्यतो परतवता येईल असे करावे, हा तिचा रोख.

या पक्षातही दोन मने आहेत. काहींना गंज थांबवून, यंत्र चालते करून, वरचे रूप जसेच्या तसे ठेवायचे असते. काहींना गाडी शोरूममधून आल्यासारखी लखलखीत हवी असते. स्पर्धांत बक्षिसे मिळतात ती बहुधा दुसऱ्यांना. पण हे लखलखीत काम पुष्कळदा मूळ गाडीपेक्षा जास्त चकचकीत होते. कारखान्यातून निघालेल्या कुठल्याही जीपच्या पत्र्याला आरशासारखी झळाळी नव्हती.

यात एक गमतीचा पेच आहे. युद्धकाळातली जीप मूळ रूपात आणायची तर तिला लष्करी हिरवा रंग द्यावा लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मात्र ‘ऑलिव्ह ग्रीन’ रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. इतिहासाशी प्रामाणिक राहणारा मालक नियमाशी अप्रामाणिक ठरतो. मग कोणी करड्याकडे झुकणारी छटा निवडतो, कोणी वाळूचा रंग देतो.

चालवणाऱ्यांचे म्हणणे

दुसरा पक्ष संख्येने मोठा असावा, आणि तो भाषणे करत नाही. गाडी चालली पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे. कोकणातल्या बागेत खत न्यायचे, पावसाळ्यात मावळातल्या चिखलात मित्रांबरोबर उतरायचे, घाट चढायचा, तर गाडीत सुधारणा हव्यात. पॉवर स्टिअरिंग, पाच गिअरचा बॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, नव्या जातीचे डिझेल इंजिन.

त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षेचा आहे. जुन्या जीपला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आणि त्यांना तेल पुरवणारा एकच मार्ग असतो. एका चाकाचा सिलिंडर गळला की तेल निघून जाते आणि पेडल थेट तळाला जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या मार्गाने तेल पुरवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला तर निदान दोन चाके तरी धरतात. सीटबेल्ट नाहीत, उलटली तर डोक्यावर आधार नाही, स्टिअरिंगमध्ये पाव फेरी ढिलाई. असल्या गाडीतून मुलांना घेऊन आंबेनळी घाट उतरणे हे कसले जतन, असा त्यांचा सवाल आहे. जतनवाद्यांकडे त्यावर एक उत्तर आहे: अशी गाडी घाटात न्यायचीच कशाला? दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघांच्या मनातला गाडीचा वापरच वेगळा आहे.

चालवणारे आणखी एक गोष्ट सांगतात, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. भारतातली जीप कधी निवृत्त झालीच नाही. तिच्यातले बदल हौसेने झाले नाहीत, गरजेपोटी झाले. १९७० सालच्या जीपमध्ये १९८५ साली डिझेल इंजिन पडले आणि ती त्यावर पुढची चाळीस वर्षे चालली, तर तिचे ‘मूळ’ इंजिन कोणते मानायचे? गाडीच्या कामाच्या काळात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचे पुरावे आहेत, असा सूर खुद्द ट्यूरिन सनदेतही आहे. त्यामुळे हा मुद्दा जतनवाद्यांना सहज झटकून टाकता येत नाही.

घडवलेल्या जीपा

तिसरा पक्ष नव्याने घडवणाऱ्यांचा. हरियाणातले मंडी डबवाली हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे जुन्या चॅसीवर, किंवा सगळेच नवे बनवून, मागणीप्रमाणे उघड्या जीपा तयार होतात: रुंद टायर, क्रोमचे बंपर, मोठे स्पीकर. एमएम ५४०च्या चॅसीवर लो बॉनेटची नवी बॉडी चढवून ‘विलिस’ म्हणून विकण्याचा धंदाही देशभर चालतो. पुढच्या जाळीतल्या फटी मोजणे ही पारखण्याची सोपी खूण सांगितली जाते. युद्धातल्या ठोकीव जाळीला नऊ फटी, नागरी जीपला सात. पण नऊ फटींची जाळी आज कोणीही कापून देतो, म्हणून ती खूण आता फारशी कामाची नाही.

या पक्षाची बाजूही ऐकायला हवी. तिथले कारागीर पत्रा, चॅसी आणि जोडकाम यांत तरबेज आहेत. जुन्या गाड्यांचे काम जिवंत ठेवणाऱ्या हातांत त्यांचे हात आहेत. गिऱ्हाइकाला नक्कल हवी आहे आणि ती नक्कल म्हणून विकली जाते, यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती कागदांत. मेलेल्या जीपचे आरसी बुक आणि दुसऱ्याच गाडीचे लोखंड यांची जोडी लावली जाते, चॅसी नंबर घासून नवा ठोकला जातो. हा सरळ गुन्हा आहे, आणि त्याची किंमत बहुधा तिसरा किंवा चौथा मालक मोजतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द करून हे कलम कडकपणे वाचावे असे सांगितले. रंगबदल किंवा किरकोळ जोडण्या चालतात. बॉडीची किंवा चॅसीची रचना बदललेली चालत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मंजुरी हवी. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

दुसऱ्या बाजूला २०२१ साली ‘विंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी त्यांत बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन किंवा दुरुस्ती यांसाठी. रोजच्या वापरासाठी नाही.

विंटेजमध्ये न बसणाऱ्या जुन्या खासगी चारचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २०२५ साली वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा.

धुराचा प्रश्न

पर्यावरणवाद्यांचा आक्षेप साधा आहे. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर आजच्या बीएस-सहा इंजिनाच्या तुलनेत फारच घाण असतो, आणि तो कोणाच्या हौसेतून आला याच्याशी फुप्फुसांना देणेघेणे नसते. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ साली डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तिथून हटवलेल्या अनेक डिझेल गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत गेल्या, म्हणजे धूर फक्त स्थलांतरित झाला.

हौशींचे उत्तर असे, की महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी जीप आणि रोज शहरातून धावणारी टॅक्सी यांना एकाच मापाने मोजू नये. शुल्क वयावर आकारले जाते, धावेवर नाही. शिवाय नवी गाडी बनवायलाही पोलाद आणि ऊर्जा लागते. हा शेवटचा मुद्दा मला अर्धाच पटतो. तो कार्बनच्या हिशेबात खरा ठरू शकतो, पण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाणाऱ्या काजळीला लागू होत नाही.

मधला मार्ग म्हणून विजेच्या रूपांतराकडे पाहिले जाते. कलम ५२ दुसऱ्या इंधनावर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवू देते, आणि असे संच तपासणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे. कायद्याच्या दृष्टीने ही वाट मोकळी आहे. पण इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा वास हेच ज्याचे सुख आहे, त्याला ती वाट आपली वाटत नाही. बॅटरीची किंमत आणि वजन हे पुढचे अडसर.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न मधल्या वयाच्या गाड्यांचा. १९८५ची एमएम ५४० फिवाच्या तीस वर्षांच्या मापाने कधीच ऐतिहासिक झाली आहे. आपल्या नियमाने ती २०३५ साली विंटेज होईल. तोवर तिला दिल्लीसारख्या बंद्या, वाढते शुल्क आणि मोडीत काढण्याचा दबाव यांतून तगून राहायचे आहे. म्हणजे पन्नाशी गाठणाऱ्या गाड्या कोणत्या, हे पन्नाशीच्या आधीचे नियमच ठरवणार.

दुसरा प्रश्न पन्नाशी गाठलेल्यांचा. मूळ इंजिनाची अट अक्षरशः लावली तर कामात असताना डिझेल झालेली जीप विंटेजमध्ये बसत नाही. राजेरजवाड्यांच्या गाड्या गॅरेजमध्ये कापडाखाली राहिल्या, त्या बसतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोल्स-रॉइस होती असे वाटते, तहसीलदाराची जीप नव्हती.

तिसरा, ब्रेकचा. दुहेरी मास्टर सिलिंडर किंवा पुढचे डिस्क ब्रेक हा ‘विसंगत बदल’ की सुरक्षेची दुरुस्ती? याचे उत्तर आज तपासणाऱ्या निरीक्षकाच्या समजुतीवर राहते. सुरक्षेसाठी चालतील अशा बदलांची एक छोटी, स्पष्ट यादी नियमांत आली तर जतन करणारे आणि चालवणारे या दोन्ही पक्षांचे निम्मे भांडण मिटेल. त्यासाठी कायदा बदलावा लागेल असेही नाही.

चौथा प्रश्न माणसांचा आहे. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे, पाटे हातोड्याने बाक देऊन बसवणारे मिस्त्री उतारवयाला लागले आहेत. त्यांच्या हाताखालची पोरे स्कॅनर लावून दोष शोधायला शिकली, आणि त्यांच्या पोटासाठी तेच योग्य. या छंदाची चर्चा गाडीच्या किमतीवर आणि रंगावर जितकी होते, तितकी मिस्त्रीच्या मजुरीवर होत नाही.

हे सगळे वाचूनही ज्याला जीप घ्यायचीच आहे, त्याने रंग आणि टायर पाहण्याआधी चॅसीवरचा नंबर स्वच्छ करून आरसीशी ताडावा, इंजिन नंबर आणि इंधनाची नोंद परिवहन कार्यालयाच्या दप्तराशी जुळते का ते पाहावे, थकलेला कर आणि ना-हरकत दाखला तपासावा. यातले एकही जुळत नसेल तर सौदा सोडावा. जुळत असेल तर पहिला खर्च ब्रेकवर करावा.